फायटर मासा तळाशी बसलाय? औषधाआधी पाणी बघा

बुडबुडा

"मासा तळाशी बसून आहे, खात नाही, कुठलं औषध घालू?" फायटर (बेट्टा) पाळणाऱ्यांचा हा ठरलेला प्रश्न, आणि माझे उलटप्रश्नही ठरलेले. पाणी किती लिटर? तापमान किती? टाकी कधी लावली? पाणी शेवटचं कधी आणि किती बदललं? एवढ्यांची उत्तरं नीट मिळाली की बहुतेक वेळा औषधाचं नावही काढावं लागत नाही.

ह्या माशाची सगळी गोची त्याच्या चिवटपणात आहे. बेट्टाच्या कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, घड्याघड्यांचा आणि रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला. मासा वर येऊन हवेचा घोट घेतो आणि त्यातला प्राणवायू थेट रक्तात ओढतो. गुरामीसुद्धा ह्याच गोतावळ्यातला. त्यामुळे पाण्यात प्राणवायू कमी असला तरी फायटरचं अडत नाही. दुकानातल्या डबीत तो जिवंत दिसतो, आणि बघणारा समजतो की ह्याला पाणी कमीच लागतं.

पण लॅबिरिंथमुळे सुटतो तो फक्त प्राणवायूचा प्रश्न. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत पाण्यात पडत असतो, उरलेले दाणे आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. मोठ्या टाकीत तो विरळ होतो आणि फिल्टरमधले जिवाणू त्याचा निकाल लावतात. दोन लिटरच्या बरणीत ह्यातलं काहीच होत नाही. शिवाय इतकं कमी पाणी रात्री गार, दुपारी गरम, असं वरखाली होत राहतं. "तो मुळात भातखाचरातलाच ना?" असं विचारणारेही भेटतात. खाचरातलं पाणी उथळ असेल, पण ते दूरवर पसरलेलं असतं, त्यात वनस्पती असतात, तळाला चिखल असतो. त्याची नक्कल बरणीत होत नाही.

माझ्या मते कमीत कमी २० लिटर. ४० बाय २५ बाय २५ सेंमीची टाकी काठोकाठ न भरता लावली की तेवढं पाणी बसतं. टाकी उंच घेण्यापेक्षा लांब घ्या, कारण लांब परांच्या माशाला श्वासासाठी सारखं वर यावं लागतं आणि उंच टाकीत तो दमतो. तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस, त्यासाठी २५ किंवा ५० वॅटचा थर्मोस्टॅटवाला हीटर आणि वेगळा थर्मामीटर (हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका). एक साधा स्पंज फिल्टर, हवा मंद. झाकण हवंच. फायटर उडी मारतो, आणि झाकणामुळे पाण्यावरची हवा ऊबदार, दमट राहते.

तळाशी बसलेला मासा बऱ्याचदा फक्त गारठलेला असतो. थर्मामीटर २१ दाखवत असेल तर तापमान एकदम चढवू नका, काही तासांत हळूहळू २६ वर आणा आणि मग बघा.

सदाफुली

माहिती चांगली आहे, पण जरा जास्तच होतंय असं नाही वाटत? आमच्याकडे फायटर काचेच्या गोल भांड्यात वर्षाहून जास्त जगला. फिल्टर नाही, हीटर नाही. रोज पाणी बदलायचो. उगाच नव्या माणसाला घाबरवू नये.

बुडबुडा

सदाफुली, रोज पाणी बदलत होतात म्हणूनच जगला. फिल्टरचं काम तुम्ही हाताने करत होतात! कबूल, माणूस एवढा नेमाचा असेल तर भांड्यातही निभतं. पण रोज सगळं पाणी बदललं की तापमान आणि पीएच (पाणी किती आम्ल की अल्क ह्याचा आकडा) रोज बदलतं, आणि एखाद्या आठवड्यात आजारपण किंवा पाहुणे आले की गणित कोलमडतं.

दुसरं, वर्षभर जगला हे ऐकायला बरं वाटतं, पण नीट सांभाळलेला बेट्टा साधारण २ ते ४ वर्षं जगतो. दुकानात मिळणारा नर तेव्हाच काही महिन्यांचा असतो, कधी जवळजवळ वर्षाचा. त्यामुळे घरी आल्यानंतरचा काळ मोजताना हेही धरायला हवं.

तळ्यात_मळ्यात

पाण्याबद्दल थोडी भर.

नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवलं की क्लोरीन उडून जातो, हे खरं. पण बऱ्याच ठिकाणी पाणी क्लोरामिनने (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) शुद्ध करतात, आणि ते असं ठेवून जात नाही. तुमच्याकडे कुठलं वापरतात हे ठाऊक नसेल तर सरळ डीक्लोरिनेटर (क्लोरीन घालवणारं द्रावण) वापरा. साधा डीक्लोरिनेटर म्हणजे बहुतेकदा सोडियम थायोसल्फेट. ते क्लोरामिन फोडतं खरं, पण मागे अमोनिया सोडतं. म्हणून क्लोरामिनच्या पाण्याला अमोनिया बांधून ठेवणारं औषध घ्या, बाटलीवर तसं लिहिलेलं असतं.

आरओचं पाणी "शुद्ध" म्हणून निव्वळ तेच भरणारे लोक आहेत. कृपया करू नका. त्यातले क्षार निघून गेलेले असतात, त्यामुळे पीएच टिकत नाही, कधी घसरेल त्याचा नेम नाही. साडेसहा ते साडेसातच्या आसपासचा पीएच उत्तम, पण पैदाशीतला बेट्टा थोड्या चढ्या पीएचलाही सरावतो. आकड्याच्या मागे लागून रोज काहीतरी ओतत बसण्यापेक्षा तो स्थिर राहू द्या.

नवखा_जीव

वाचून पोटात गोळा आला. टाकी २५ लिटरची घेतली, फिल्टर आहे, पण टाकी आणि मासा एकाच दिवशी आणले. दुकानदार म्हणाला, पाणी भरा आणि सोडा. आता पाणी किंचित दुधाळ दिसतंय. मासा परत देऊ का?

खवलेकर

परत देऊ नका, तो पुन्हा डबीतच जाईल. तुमची टाकी अजून "सायकल" झालेली नाही, एवढंच. धीर धरा आणि अमोनियाचं टेस्ट किट आणा. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट भरवशाचं.

होतं काय, तर अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करणारे जिवाणू आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजवर, वाळूवर, काचेवर वाढायला वेळ लागतो. साधारण ४ ते ६ आठवडे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशाला घातक, नायट्रेट बरंच सौम्य. तुमचं दुधाळ पाणी म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या वेगळ्याच जिवाणूंची तात्पुरती वाढ, ती आपोआप ओसरते. ते निवळावं म्हणून सगळं पाणी काढू नका.

मधल्या काळात रोज किंवा दिवसाआड टेस्ट करा. नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर ठीक. हिरवट झाक दिसली, म्हणजे ०.२५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत किती भाग) पुढे, की त्याच दिवशी पाव ते निम्मं पाणी बदलायचं, टाकीतल्याच तापमानाचं. खाणं अगदी कमी. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल. बरेच जण इथे गाफील राहतात, कारण अमोनिया शून्य बघून त्यांना वाटतं झालं. दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं की तुमची टाकी लागली.

ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिथल्या फिल्टरचा स्पंजचा तुकडा मागून आणा, ओला ठेवूनच. आठवडे वाचतात. आणि फिल्टरचा स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा. हे एक पाळलं तरी पुढचे निम्मे त्रास टळतात.

नवखा_जीव

धन्यवाद खवलेकर! किट आणतो.

केवडा

खाण्याचा विषय निघालाच आहे तर. फायटर मांसाहारी आहे. पाण्यात मुळं लोंबकळणाऱ्या रोपाखाली मासा ठेवून "तो मुळं खाऊन राहतो" असं सांगून विकत असत, ती निव्वळ थाप. निसर्गात तो डासांच्या अळ्या, पाण्यातले किडे, पृष्ठभागावर पडलेल्या माश्या खातो. तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं ते ह्यासाठीच.

त्याचं पोट त्याच्या डोळ्याच्या आकाराचं, असं सगळे सांगतात. अगदी शब्दशः घेऊ नका, पण अंदाज यायला पुरे. बेट्टासाठीचे छोटे दाणे सकाळी दोन-तीन, संध्याकाळी दोन-तीन. एकेक टाकायचा, तो गिळला की दुसरा. काही जण दाणा तोंडात घेतात, थुंकतात, पुन्हा घेतात. दाणा मोठा किंवा कडक असला की असं होतं. आठवड्यातून एखादा दिवस उपास चालतो. मधूनमधून गोठवलेले डॅफ्निया किंवा आर्टेमिया (दोन्ही पाण्यातले बारीक कवचधारी जीव). ब्लडवर्म (लाल अळ्या) चवीपुरते, रोज नको. वाळवलेले तर अजून कमी, आणि भिजवून.

आणि तो उकडलेल्या वाटाण्याचा सल्ला आता तरी बंद करूया का? गोल्डफिशला ठीक आहे. फायटरचं आतडं आखूड, त्याला वाटाणा पचत नाही. पोट फुगलं असेल तर दोन दिवस उपास आणि मग डॅफ्निया.

खवलेकर

वाटाण्याबद्दल +१००.

अवांतर_राव

थोडं अवांतर, पण इतिहास मजेशीर आहे.

हा मासा मूळचा थायलंड आणि आसपासच्या प्रदेशातला. तिथे झुंजीसाठी त्याची पैदास इतकी जुनी आहे की २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात तो किमान १००० वर्षांपूर्वी माणसाळला असावा असं निघालं. थिओडोर कँटर ह्या डॉक्टर-निसर्गतज्ज्ञाने १८४९ मध्ये त्याचं वर्णन केलं, पण दुसऱ्याच जातीच्या नावाखाली. तो घोळ चार्ल्स टेट रेगन यांनी १९१० मध्ये सोडवला आणि बेट्टा स्प्लेंडेन्स हे नाव दिलं. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. गंमत अशी की जगभर घरोघरी दिसणाऱ्या ह्या माशाची जंगली जमात मात्र आययूसीएन ह्या निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत "असुरक्षित" गटात आहे.

जंगली बेट्टा बघाल तर ओळखणार नाही. आखूड पर, मळकट तपकिरी-हिरवट अंग, चिडला की मगच रंग चढतो. व्हेलटेल, १८० अंश उघडणाऱ्या शेपटीचा हाफमून, काटेरी क्राउनटेल, हे सगळं माणसाचं काम. माझं वैयक्तिक मत: आखूड परांचा प्लाकट घ्या. हाफमूनचा पिसारा दिसतो झकास, पण तो ओढत पोहताना मासा थकतो, आणि काही जण स्वतःचीच शेपटी कुरतडतात. प्लाकट कसा सणसणीत फिरतो!

आणि ज्यांनी ठिपक्याठिपक्यांचा "कोई" बेट्टा घेतलाय आणि आता तो बघता बघता निळा पडतोय, त्यांनी घाबरू नये. दुकानदाराने मासा बदललेला नाही. मार्बल प्रकारात उड्या मारणारं जनुक असतं, रंग आयुष्यभर बदलत राहतो.

सदाफुली

बुडबुडा, मुद्दा पटला, घरात टाकीची चर्चा सुरू झाली आहे. मग एवढ्या मोठ्या टाकीत तो एकटाच? सोबतीला एक मादी चालेल का? की गप्पी?

बुडबुडा

मादी नको. नर-मादी फक्त पैदाशीपुरते एकत्र, तेही नजरेखाली. अंडी घालून झाली की नर तिलाच हुसकावतो, आणि २० लिटरमध्ये तिला पळायला जागा नसते. दोन नर तर नकोच नको. चार-पाच माद्यांचा कळप ठेवायची टूम आहे, फोटोत छान दिसतो, पण एकीला सतत मार बसतो आणि ते आपल्या उशिरा लक्षात येतं. मी तरी सुचवणार नाही.

रंगीत शेपटीची नर गप्पी त्याला दुसरा फायटर वाटू शकते. टायगर बार्बसारखे पर कुरतडणारे मासे अजिबात नकोत. नेराइट गोगलगाय ठेवा, शेवाळ खाते आणि पिल्लावळ वाढत नाही. कोळंबी ठेवायची तर ती खाल्ली जाईल ह्या तयारीनेच ठेवा. आणि खरं सांगायचं तर एकटेपणाची चिंता आपली असते. त्याला सोबत नको, हद्द हवी. तिच्यात लपायला अनुबियास किंवा जावा फर्न लावा, कमी उजेडातही जगतात. फक्त त्यांचा आडवा जाड कंद वाळूत पुरू नका, कुजतो. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा. पृष्ठभागाजवळ एखादं रुंद पान येऊ द्या, त्यावर आडवा पडून झोपतो पठ्ठ्या. पहिल्यांदा बघताना मेला की काय वाटतं!

देशी बदामाचं वाळलेलं पान धुऊन टाकलंत तर पाणी चहाच्या रंगाचं होईल. ते टॅनिनमुळे, घाण नव्हे. माशाला आवडतं.

नवखा_जीव

आमच्याने कोपऱ्यात बुडबुड्यांचा फेस केलाय. म्हणजे त्याला मादी हवी आहे का? पिल्लं काढावीत असं घरच्यांचं चाललंय.

जलकुंभ

मी बरीच वर्षं बेट्टाची पैदास करते आहे, म्हणून सांगते.

बुडबुड्यांचं घरटं म्हणजे वयात आलेल्या नराची सवय. मादी नसतानाही करतो. ते त्याच्या सुखाचं प्रमाणपत्रही नव्हे, वाईट पाण्यातही करणारे नर मी पाहिले आहेत.

पैदास बघायला मात्र विलक्षण असते. नर मादीभोवती वेटोळं घालतो, दोघं क्षणभर निपचित होतात, आणि पांढरी, खसखशीएवढी अंडी तिच्या पोटाखालून सुटून तळाकडे जायला लागतात. नर आधी सावध होतो, खाली झेपावतो, एकेक अंडं तोंडात गोळा करून वर येतो आणि बुडबुड्यात थुंकतो. मादी बऱ्याचदा तशीच तरंगत असते. हे तास-दोन तास चालतं. मग मादीला बाहेर काढायचं. अंडी एक ते दोन दिवसांत फुटतात, पिल्लं शेपटी खाली करून घरट्याला लोंबत राहतात, खाली पडलं की बाप उचलून परत लावतो. दोन-तीन दिवसांनी ती आडवी पोहू लागली की बापालाही काढायचं, नाहीतर तोच खाईल.

खरं काम तिथून पुढे. एका वेळी शंभरावर पिल्लं होऊ शकतात. त्यांना आधी इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्मजीव), मग रोज अंड्यांतून ताजी निघालेली आर्टेमियाची पिल्लं लागतात, दाण्यांची पूड नाही चालत. लॅबिरिंथ तयार व्हायला काही आठवडे जातात, तोवर झाकण घट्ट ठेवून वरची हवा दमट ठेवावी लागते. आणि काही महिन्यांत नर एकमेकांवर धावून जायला लागले की प्रत्येकाला वेगळं भांडं, प्रत्येकाचं वेगळं पाणी. पन्नास नर निघाले तर पन्नास. ती कुठे जाणार हे आधी ठरलेलं नसेल तर घरच्यांना घरटं बघण्यावरच समाधान मानायला सांगा.

नवखा_जीव

पन्नास भांडी ऐकून विषय घरातच संपला :)

खवलेकर

आजारांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

पर झिजताहेत असं वाटलं की आधी कडा निरखा. कडा काळपट किंवा लालसर, दिवसागणिक मागे सरकणारी, तर फिन रॉट, म्हणजे पर कुजण्याचा आजार. एका रात्रीत अर्धचंद्राकृती तुकडा गायब आणि कडा स्वच्छ, तर त्याने स्वतः चावलाय, किंवा कुठल्या प्लॅस्टिकच्या रोपाला अडकून फाटलाय. दोन्हीत पहिला उपाय स्वच्छ, ऊबदार पाणी. सौम्य फिन रॉट एवढ्यानेच बरा होताना मी पाहिला आहे. नव्या वाढीची कड पारदर्शक दिसते, तिला बुरशी समजून औषध ओतू नका.

मासा वस्तूंना अंग घासतोय, पर मिटून आहे, तर खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च मारा. अंगावर सोनेरी भुकटी चमकली तर वेल्वेट. हा परजीवी झपाट्याने मारतो, इथे औषधाला उशीर नको. टाकीचा दिवाही बंद ठेवा, कारण त्या परजीवीला उजेडावर जगता येतं. मिठाच्या कणांसारखे सुटे पांढरे ठिपके असतील तर तो इक. वेल्वेटवरच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं, ते गोगलगाय आणि कोळंबीला मारतं, म्हणून मासा वेगळ्या भांड्यात घेऊन उपचार करा.

मिथिलीन ब्लूबद्दलही तेच. हे निळं औषध ऊठसूट मुख्य टाकीत ओतलं जातं. फिल्टरमधले जिवाणू त्याने मरतात, टाकी पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते, वर काचेच्या सांध्यांतलं सिलिकॉन कायमचं निळं होतं ते वेगळंच.

वरून बघताना खवले उभे राहून मासा फुललेल्या पाइनच्या बोंडासारखा दिसला तर ड्रॉप्सी. हे आजाराचं नाव नसून आतले अवयव, विशेषतः मूत्रपिंडं, निकामी होत आल्याचं लक्षण आहे. ह्यातून फार थोडे वाचतात.

सदाफुली

शेवटचा प्रश्न. चार-पाच दिवस बाहेर जायचं असेल तर? शेजारणीला दाणे घालायला सांगू की ते विरघळणारे ठोकळे मिळतात ते टाकू?

केवडा

दोन्ही नको. धडधाकट, मोठा फायटर चार-पाच दिवस उपाशी सहज राहतो. ठोकळा विरघळून पाणी नासतं. आणि शेजारणीला दया येते! "बिचारा काचेपाशी येऊन बघत होता" म्हणून रोज चिमूटभर घातलं जातं, तुम्ही परत येता तेव्हा तळाला दाण्यांचा थर.

जायच्या आदल्या दिवशी पाव भाग पाणी बदला. निघायच्या दिवशी नको, कारण काही बिघडलं तर बघायला तुम्ही नसता. हीटर पूर्ण पाण्याखाली आहे ना ते बघा, बाष्पीभवनाने पातळी खाली गेली की तो उघडा पडतो. दिव्याला टायमर असेल तर आठ तासांवर लावा, नसेल तर बंद ठेवा, खिडकीचा उजेड पुरतो. आठवड्याहून जास्त जाणार असाल तर मग शेजारीण, पण प्रत्येक दिवसाचे दाणे मोजून वेगवेगळ्या पुड्यांत, आणि बाकीचा डबा तुमच्या कपाटात, कुलूप लावून.